एकवीस चिठ्ठ्या, तीन विजेते

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चित्रपट मंडळात एक मतदान झालं आणि त्यावरून चांगलंच बिनसलं. नऊ वर्षं एकत्र चहा पिणारी माणसं महिनाभर एकमेकांशी तुटक बोलत होती. मतमोजणी माझ्याकडे होती आणि वहीही माझ्याकडेच असते. म्हणून काय झालं, कसं झालं, कुठे चुकलं आणि कुठे सावरलं, हे सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे. गावोगावी अशी मंडळं आहेत आणि आपल्या आवडत्या सिनेमांची यादी करायची हौस प्रत्येकाला येते. त्यांना हे प्रकरण उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

मंडळ लहान आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही बावीस जण जमतो. नोंदणी नाही, वर्गणी नाही, चहा-चिवड्याचा खर्च आळीपाळीने. सर्वांत लहान सदस्य एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंगला शिकणारी मुलगी. सर्वांत मोठे अण्णा, वय चौऱ्याहत्तर. त्यांनी उभं आयुष्य एका सिनेमागृहाच्या मशीनरूममध्ये काढलं. मधल्यांत निवृत्त मराठीचे सर आहेत, महात्मानगरच्या वकीलबाई आहेत, निफाडहून मोटारसायकलवर येणारे द्राक्ष बागायतदार भाऊ आहेत, अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करणारे दादा आहेत.

नाशिककराला सिनेमा हा घरचा विषय वाटतो, आणि तसं वाटायला कारण आहे. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्याच वर्षी त्यांनी आपलं बस्तान मुंबईहून नाशिकला हलवलं. पुढचे चित्रपट इथे झाले, १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी इथेच उभी राहिली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी देहही इथेच ठेवला. त्यामुळे फेब्रुवारीच्या बैठकीत जेव्हा ठरलं की यंदा ३० एप्रिलला, फाळक्यांच्या जयंतीला, आपल्या मंडळाचा सर्वकालीन आवडता मराठी चित्रपट जाहीर करायचा, तेव्हा एकाचाही विरोध नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

पहिली फेरी

मार्चमध्ये प्रत्येकाने पाच नावं लिहून द्यायची होती. अण्णांनी चिठ्ठी कोरी परत केली. “मला यातलं सांगता येणार नाही,” एवढंच म्हणाले. आम्ही फार आग्रह केला नाही. त्यांच्या नकाराचं कारण त्याच वेळी विचारायला हवं होतं. ते मला दीड महिन्याने कळलं.

उरलेल्या एकवीस जणांची मिळून एकशे पाच नावं झाली आणि त्यातून त्रेचाळीस वेगवेगळे चित्रपट निघाले. निम्म्याहून अधिक चित्रपटांना एकेकच मत. ‘श्यामची आई’ होता, ‘पिंजरा’ होता, ‘उंबरठा’, ‘श्वास’, ‘फँड्री’, ‘कोर्ट’ होते. ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि त्यानंतर मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पुन्हा मिळाला तो थेट ‘श्वास’ला. मध्ये पन्नास वर्षं गेली. हे सरांनी सांगितलं तेव्हा हॉलमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही.

गावच्या अभिमानाचा प्रश्न याच फेरीत उभा राहिला. ‘नटसम्राट’ला मिळालेली मतं सिनेमाला होती की शिरवाडकरांना, असं वकीलबाईंनी सरळ विचारलं. प्रश्न टोचला, पण रास्त होता. तात्यासाहेब आपले. १९३० च्या दशकात त्यांनी इथल्याच गोदावरी सिनेटोनसाठी ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाचं कामही केलं होतं. ज्यांनी नाटक रंगमंचावर पाहिलं होतं त्यांना २०१६ चा सिनेमा उणा वाटत होता आणि ज्यांनी फक्त सिनेमा पाहिला होता त्यांना हे म्हणणं समजत नव्हतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. सिनेमा मात्र तिसऱ्या क्रमांकाच्या आत आला नाही.

‘राजा हरिश्चंद्र’चं नावही दोन चिठ्ठ्यांवर होतं. मूकपटाला मराठी म्हणायचं का, यावर अर्धा तास गेला. मग भाऊंनी मुद्द्याचं विचारलं, “तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का?” चित्रपट मुळात सुमारे ३,७०० फुटांचा, चार रिळांचा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन आहेत ती पहिलं आणि शेवटचं रीळ, सुमारे १,४७५ फूट. म्हणजे पूर्ण चित्रपट आज हयात असलेल्या कुणीच पाहिलेला असण्याचा संभव नाही. ज्यांनी त्याला मत दिलं त्यांनी आदराने दिलं होतं. आदराला आवड म्हणायचं का, हा प्रश्न तेव्हा आम्ही हसून सोडून दिला आणि तोच पुढे दुप्पट होऊन परत आला.

सर्वाधिक चिठ्ठ्यांवर असलेले तीन चित्रपट निघाले: ‘संत तुकाराम’, ‘सामना’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’. चौथा ‘सैराट’. अवघ्या एका मताने त्याची संधी हुकली आणि आमची सर्वांत लहान सदस्य खट्टू झाली. “तीनच का? चार का नाही?” ती म्हणाली. याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. तीन हा आकडा आम्ही सहज धरला होता.

दुसरी फेरी, जिथे बिनसलं

एप्रिलच्या बैठकीत तिन्ही चित्रपटांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती द्यायची होती. मी चिठ्ठ्या गोळा केल्या, पहिल्या पसंतीची मतं फळ्यावर मांडली. ‘बनवाबनवी’ नऊ, ‘सामना’ सात, ‘संत तुकाराम’ पाच. मी म्हटलं, ‘बनवाबनवी’ जिंकला.

सर उठून उभे राहिले. “एकवीसपैकी बारा जणांना तो पहिला वाटलेला नाही. हा आपल्या मंडळाचा आवडता चित्रपट कसा?” त्यांनी माझ्या हातातून चिठ्ठ्या घेतल्या आणि तिसऱ्या पसंतीचे रकाने मोजले. ‘बनवाबनवी’ला शेवटी टाकणारे अकरा होते. “बघा. निम्म्याहून अधिक लोकांनी याला तळाला ठेवलंय, आणि तुम्ही त्याच्या गळ्यात हार घालताय.”

दादा एरवी बैठकीत फारसं बोलत नाहीत. ते म्हणाले, “म्हणजे सर, तुमचं मत ते मत आणि आमचं मत म्हणजे गंमत का?” हे वाक्य खोलीत राहिलं. त्यानंतर जे बोलणं झालं त्यात सिनेमा नव्हताच. कोण शिकलेलं, कोण नाही, कुणाला विनोद कळतो, कुणाला कळत नाही, असं ते घसरत गेलं. चहा तसाच थंड झाला. सर निघून गेले, त्यांच्यामागे दोघं गेले.

त्या रात्री मी चिठ्ठ्या घरी घेऊन बसलो. सर म्हणाले ते चुकीचं नव्हतं, दादांचंही चुकीचं नव्हतं. मग चूक होती कुठे?

तीन मोजण्या

मतपत्रिका अशा होत्या. ‘बनवाबनवी’ पहिला देणाऱ्या नऊ जणांपैकी सहा जणांनी ‘तुकाराम’ दुसरा आणि ‘सामना’ तिसरा दिला होता, तिघांनी ‘सामना’ दुसरा. ‘सामना’ पहिला देणाऱ्या सातही जणांनी ‘तुकाराम’ दुसरा आणि ‘बनवाबनवी’ तिसरा दिला होता. ‘तुकाराम’ पहिला देणाऱ्या पाचांपैकी चौघांनी ‘सामना’ दुसरा आणि ‘बनवाबनवी’ शेवटी, तर एका चिठ्ठीवर ‘बनवाबनवी’ दुसरा आणि ‘सामना’ शेवटी. ती चिठ्ठी आमच्या इंजिनिअरिंगच्या मुलीची.

पहिली मोजणी आमदार निवडतो तशी. ज्याला पहिली मतं जास्त तो विजयी. ‘बनवाबनवी’.

दुसरी मोजणी सरांना चांगली ठाऊक असायला हवी होती, कारण त्यांनी शिक्षक मतदारसंघात आयुष्यभर पसंतीक्रमाने मतदान केलं आहे. एकवीस मतांत कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, अकराचा. पहिल्या फेरीत कुणालाच कोटा नाही, म्हणून सर्वांत कमी मतांचा ‘तुकाराम’ बाद. त्याच्या पाच चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती बघायची: चार ‘सामना’ला, एक ‘बनवाबनवी’ला. ‘सामना’ अकरा, ‘बनवाबनवी’ दहा. ‘सामना’ विजयी.

तिसरी मोजणी एकांकिका स्पर्धेत परीक्षक गुण देतात तशी. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक गुण. ‘तुकाराम’ चव्वेचाळीस, ‘सामना’ बेचाळीस, ‘बनवाबनवी’ चाळीस. पहिल्या पसंतीत सर्वांत मागे असलेला सिनेमा गुणांत सर्वांत पुढे. समोरासमोर दोघादोघांची लढत लावून पाहिली तरी तोच: ‘तुकाराम’ विरुद्ध ‘बनवाबनवी’ बारा-नऊ, ‘तुकाराम’ विरुद्ध ‘सामना’ अकरा-दहा.

चिठ्ठ्या त्याच, माणसं तीच, विजेते तीन. मी हे तीनदा तपासलं. फ्रान्समध्ये बोर्दा आणि काँदोर्से या दोघांनी अठराव्या शतकातच या घोळाचा अभ्यास केला होता. गुण देण्याची पद्धत बोर्दाची, दोघादोघांच्या लढतीची काँदोर्सेची. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही आपण पसंतीक्रम वापरतो. आम्ही मात्र मोजायचं कसं हे न ठरवताच मोजायला बसलो होतो, आणि ती पद्धत मी, एकट्याने, फळ्यासमोर उभं राहून, कुणालाही न विचारता निवडली होती. चूक इथे होती. मी ती पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर मान्य केली.

जगभरातल्या मोठ्या याद्यांतही हेच दिसतं. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांची मतं घेतं. प्रत्येकाने दहा नावं द्यायची, क्रम लावला तरी प्रत्येक नावाला एकच मत. १९६२ ते २००२ अशी पाच मतदानं ‘सिटिझन केन’ पहिला होता, २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ने १९१ विरुद्ध १५७ मतांनी त्याला मागे टाकलं. २०२२ मध्ये मतदार ८४६ वरून १,६३९ झाले आणि आधीच्या यादीत पस्तिसाव्या क्रमांकाच्या आसपास असलेला ‘जान डिएलमन’ एकदम पहिला आला. सिनेमे होते तेच होते, मतदार बदलले. पहिल्या शंभरात भारतीय चित्रपट एकच, ‘पथेर पांचाली’. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेच्या भारतीय शाखेने तीस सदस्यांची मतं घेऊन दहा सर्वोत्तम भारतीय चित्रपट निवडले. त्यातही ‘पथेर पांचाली’ पहिला, ‘शोले’ दहावा आणि मराठी एकही नाही. सरांनी ही यादी बैठकीत वाचून दाखवली तेव्हा दादा आणि सर पहिल्यांदा एका बाजूला आले. दोघांनाही राग आला होता.

चिठ्ठीमागची माणसं

मोजणीचं कोडं सुटलं तरी भांडण मिटत नव्हतं. म्हणून २० एप्रिलच्या सुमारास एक जादा बैठक घेतली आणि एकच नियम केला: मत सांगायचं नाही, चित्रपट पहिल्यांदा कुठे, कुणाबरोबर पाहिला आणि त्यातला कोणता प्रसंग डोळ्यांसमोर आहे तेवढंच सांगायचं. या एका बैठकीने जे झालं ते त्याआधीच्या तीन बैठकांत झालं नव्हतं.

दादा आधी बोलले. अहमदनगर जिल्ह्यातून ते अंबडला कामाला आले तेव्हा वय एकवीस. सिडकोत खोली शोधत हिंडायचे. “घरमालक दारातच विचारायचे, लग्न झालंय का. नाही म्हटलं की दार बंद. शेवटी चौघांनी मिळून एक खोली घेतली, तिथं एकाचा भाऊ-वहिनी राहणार असं खोटं सांगून. रोज भीती, मालक बघेल म्हणून. त्या खोलीत एका मित्राने टीव्ही आणला आणि त्यावर हा सिनेमा लागला. चार पोरांतली दोघं खोलीसाठी बायकांचे वेश करतात. लोक हसतात, सर. आम्ही पण हसलो. पण आम्ही आमच्यावर हसत होतो.”

सर मान खाली घालून ऐकत होते. १९८८ चा तो सिनेमा मी किती वेळा पाहिला असेन, त्यातले संवाद माझ्या मुलांना पाठ आहेत. पण घर भाड्याने न मिळण्याची गोष्ट म्हणून मी तो कधी पाहिला नव्हता. पुण्यात चौघांना खोली हवी आहे आणि जोडप्याशिवाय मिळत नाही, हेच तर त्याचं मूळ आहे. सगळा विनोद त्या एका अडचणीवर उभा आहे.

मग सर बोलले. त्यांनी ‘तुकाराम’ पहिल्यांदा पाहिला तो आजीबरोबर, गावात आलेल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत. १९३६ चा प्रभातचा चित्रपट, दामले-फत्तेलाल यांचा, १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवलेला, हे सगळं त्यांना मागाहून कळलं. त्या दिवशी त्यांच्या लक्षात राहिली जिजाई. मुलगा आजारी, घरात दाणा नाही, नवरा देवाच्या नादात, आणि ती हातात वहाण घेऊन थेट देवळात विठोबापुढे जाब विचारायला जाते. “आजी माझ्या शेजारी बसली होती,” सर म्हणाले. “रोज हरिपाठ म्हणणारी बाई. मला वाटलं आता ही उठून जाईल. तिने पदर तोंडाला लावला आणि रडली. घरी येताना म्हणाली, बरं झालं, कुणीतरी विचारलं त्याला.”

भाऊंनी ‘सामना’बद्दल दोनच वाक्यं सांगितली. त्यांच्या लहानपणी गावात एक माणूस नाहीसा झाला, त्याची चौकशी कुणी केली नाही. ‘सामना’मधले मास्तर हिंदुरावाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तेव्हा त्यांना तो माणूस आठवतो. लागू आणि निळूभाऊ यांचं काम कसं आहे, तेंडुलकरांचं लिखाण कसं, हे भाऊंनी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

आणखी एक गोष्ट मी वहीत मांडून पाहिली. पहिल्या पसंतीचा सिनेमा कितव्या वर्षी पाहिला, हे सगळ्यांना विचारलं. एकवीसपैकी सोळा जणांनी तो पंचविशीच्या आत पाहिला होता. स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात की माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त येतात. म्हणजे ‘सर्वकालीन’ हा शब्द आम्ही वापरला खरा, पण प्रत्येकाचा सर्वकाळ त्याच्या तरुणपणाएवढाच होता. ‘सैराट’ २०१६ मध्ये आला तेव्हा आमची मुलगी शाळेत होती. तिचा काळ आत्ता चालू आहे आणि आमच्या चिठ्ठ्यांत तिला जागा नव्हती. तिचा रुसवा मला तेव्हा लहान मुलीचा रुसवा वाटला होता. तो रुसवा नव्हता, हरकत होती, आणि बरोबर होती.

न पाहिलेल्या सिनेमाचं मत

त्याच बैठकीत वकीलबाईंनी उलटतपासणी घेतल्यासारखा एक प्रश्न विचारला. ‘सामना’ला तिसरा क्रमांक देणारे सात जण कोण, आणि त्यांतल्या किती जणांनी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलाय? चार हात वर आले, न पाहिलेल्यांचे. दोन गाणी ऐकलेली, टीव्हीवर मधूनच दहा मिनिटं पाहिलेली, बाकी नाव ऐकून. तरी चौघांनी त्याला क्रमांक दिला होता. दादा त्यांत होते, मुलगीही होती.

हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पाहिला नाही आणि आवडला नाही, या दोन गोष्टी आमच्या चिठ्ठीत एकाच रकान्यात पडत होत्या. ‘बनवाबनवी’ सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे त्याला मिळालेली शेवटची पसंती खरी नापसंती होती. ‘सामना’ची शेवटची पसंती निम्म्याहून जास्त अनोळखीपणाची होती. टीव्हीवर जे सारखं लागतं ते आपल्याला आवडतं असं म्हणताना, जे लागतच नाही त्याचं काय, हा विचार कुणी करत नाही.

वकीलबाईंनी आपल्या घरी ‘सामना’ लावायचं ठरवलं. पुढच्या शनिवारी संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात सतरा जण आलो. खुर्च्या कमी पडल्या, तरुण मंडळी सतरंजीवर. मध्ये कुणी बोललं नाही.

संपल्यावर चिठ्ठ्या पुन्हा वाटल्या, न आलेल्यांच्या जुन्याच धरल्या. दोन चिठ्ठ्या बदलल्या. दादा आणि आणखी एकाने ‘सामना’ तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणला. “माझा पहिला तोच राहील,” दादा म्हणाले, “पण हा शेवटी नाही ठेवता येणार.” मुलीने क्रम बदलला नाही. तिचं म्हणणं असं, की हा फार मोठा सिनेमा आहे, पण घरी कंटाळा आला तर मी हा लावणार नाही. चौथ्याने काही कारण न देता चिठ्ठी तशीच ठेवली.

दोनच चिठ्ठ्या. गुण पुन्हा मांडले तर ‘सामना’ चव्वेचाळीस, ‘तुकाराम’ बेचाळीस. अगदी अदलाबदल. समोरासमोर लढतीत आता ‘सामना’ बारा-नऊने पुढे. पहिल्या पसंतीत मात्र ‘बनवाबनवी’ नऊवर जागच्या जागी. सर लगेच म्हणाले, मग आता ‘तुकाराम’ही दाखवा, ज्यांनी तो शेवटी टाकलाय त्यांनीही तुकड्या-तुकड्यांतच पाहिलाय. त्यांचं म्हणणं कुणीच खोडून काढलं नाही. तो पावसाळ्यात दाखवला, पण तोवर ३० एप्रिल उलटून गेला होता.

त्या दिवशी आम्ही काय केलं ते सांगतो. विजेता जाहीर केला नाही. वकीलबाईंचा आग्रह होता की तिन्ही मोजण्या आणि दुसऱ्या मतदानाचे आकडे एका कागदावर लावावेत, त्याखाली सगळ्या चिठ्ठ्या. मी प्रत्येकाला चिठ्ठीवर एक ओळ जास्तीची लिहायला सांगितली: कुठे पाहिला, कुणाबरोबर. दादांनी लिहिलं, “सिडको, चौघांच्या खोलीत.” सरांनी लिहिलं, “तंबूत, आजीबरोबर.” मुलीने आपली पहिली पसंती खोडली नाही, पण खाली स्वतःहून लिहिलं, “सैराट, शाळेतल्या मैत्रिणींबरोबर, घरी न सांगता.” सकाळी सोसायटीतली इतर माणसंही येऊन वाचत होती, आणि आकड्यांच्या कागदापाशी कुणी फार थांबत नव्हतं. सगळे खालच्या ओळी वाचत होते.

अण्णा

अण्णांच्या कोऱ्या चिठ्ठीचं कारण ‘सामना’च्या संध्याकाळी कळलं. त्यांना आम्ही भिंतीशी बरी खुर्ची दिली होती. सिनेमा सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून गेला. अण्णांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, हवेतच थांबला आणि परत खाली आला. जुन्या प्रिंटवरून उतरवलेल्या प्रतींत ते ठिपके तसेच राहतात.

नंतर चहा घेताना त्यांनी समजावलं. दोन मशीन असायची. दोन हजार फुटांचं एक रीळ बावीस मिनिटांच्या आसपास चालतं. सेकंदाला चोवीस चित्रं, मिनिटाला नव्वद फूट. रीळ संपत आलं की कोपऱ्यात पहिला ठिपका दिसतो, दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचं. प्रेक्षकाला कळता कामा नये. मग संपलेलं रीळ काढायचं, उलटं गुंडाळायचं, पुढचं चढवायचं, दिव्याचा कार्बन बघायचा, कुठे जोड सुटतोय का ते बोटाने चाचपायचं. अडीच तासांच्या सिनेमाला सात रिळं. “म्हणजे दर रिळाचा शेवट मी नीट बघितलाय, मधला भाग कधीच नाही. दिवसाला चार खेळ. गोष्ट मला कुठल्याच सिनेमाची सलग माहीत नाही. मग पहिला कोण, दुसरा कोण, कसं सांगू?”

मी विचारलं, मग तुम्हाला चांगला सिनेमा कुठला हे कधीच कळलं नाही का? ते म्हणाले, कळायचं. इंटरव्हल झाला की मशीनच्या भोकातून खाली बघायचे. दुसरी घंटा झाल्यावर लोक अर्धा चहा टाकून आत पळत आले, की सिनेमा चांगला. चहा संपवून, पान लावून, गप्पा मारत आले, की रिळांची पेटी आठवड्यात परत जाणार. “‘सामना’ मी लावलाय. कुणी चहा संपवत नव्हतं.”

३० एप्रिलला सकाळी अण्णा हॉलवर लवकर आले, खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली आणि कुठल्या रांगेत लावायची ते विचारलं. मोजणीत ती आता धरता येणार नाही, मी म्हटलं. चालेल, म्हणाले. मी ती सगळ्यात शेवटी, सरांच्या चिठ्ठीखाली लावली. दुसरी आणि तिसरी पसंती कोरी होती. पहिल्या पसंतीपुढे ‘सामना’, आणि खाली बारीक, सुबक अक्षरात: “महात्मानगर, वकीलबाईंच्या घरी. खुर्चीत बसून, सलग.”